होलाशोव्हित्से : दक्षिण बोहेमियातील एका लहान गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होलाशोव्हित्से नेमके कुठे आहे?

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागात, म्हणजे दक्षिण बोहेमियात, चेस्के बुदेयोव्हित्से या जिल्ह्याच्या शहराच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरवर हे गाव आहे. शासकीयदृष्ट्या ते स्वतंत्र ग्रामपंचायतीचे गाव नसून शेजारच्या यांकोव्ह या गावात समाविष्ट आहे. वस्ती दीडशेच्या आतबाहेर असते. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढीच म्हणा.

बुदेयोव्हित्सेच्या सभोवतालचा प्रदेश सखल आणि पाणथळ आहे, आणि शतकानुशतके माणसांनी बांध घालून तेथे शेकडो मत्स्यतलाव तयार केले आहेत. होलाशोव्हित्से या सखल प्रदेशाच्या कडेला वसलेले आहे. गावाच्या दक्षिणेला जमीन चढू लागते आणि ब्लान्स्की लेस नावाचा जंगलाने झाकलेला डोंगराळ टापू सुरू होतो. त्यातील सर्वांत उंच डोंगर क्लेत्य. तो १,०८४ मीटर उंचीचा आहे. एका बाजूला तळी आणि गवताळ कुरणे, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये शेतजमीन, अशी ही जागा असल्यामुळे येथील लोक मुळात शेतकरी राहिले, आणि गावाची सारी रचनाही शेतीच्या कामावरूनच ठरली.

नावाचा उच्चार कसा करावा? नकाशावर दुसरेच गाव दिसते, असे का?

चेक भाषेत या नावाचा उच्चार 'होलाशोव्हित्से' असा होतो, आणि जोर पहिल्या अक्षरावर असतो. 'ओव्हित्से' हा शेवट चेक गावांच्या नावांत सर्रास आढळतो आणि त्याचा मूळ अर्थ 'अमक्याच्या माणसांची वस्ती' असा आहे. बुदेयोव्हित्से हे नावही त्याच घडणीचे आहे. जर्मन भाषक या गावाला होल्शोव्हित्झ म्हणत असत.

नकाशाबाबत मात्र सावध राहावे. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओपावा शहराजवळ, 'होलासोव्हित्से' नावाचे गाव आहे आणि दोन्ही नावांच्या चेक लिपीतील लेखनात केवळ 'श' आणि 'स' यांच्या चिन्हाचा फरक आहे. तिकीट काढताना किंवा गाडीच्या मार्गदर्शकात नाव टाकताना 'यांकोव्ह' किंवा 'चेस्के बुदेयोव्हित्से' हे शब्द जोडूनच शोध घ्यावा.

एवढ्याशा गावाला युनेस्कोने जागतिक वारसा यादीत का घेतले?

१९९८ मध्ये, जपानमधील क्योतो येथे झालेल्या बैठकीत, होलाशोव्हित्सेचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याआधी १९९५ मध्ये चेक सरकारने गावाला संरक्षित ग्रामक्षेत्राचा दर्जा दिला होता.

यादीत येण्याची कारणे दोन. मध्ययुगात आखलेला गावाचा आराखडा, म्हणजे मधले मोकळे मैदान, त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेने घरांच्या जागा आणि मागे परसबागा व शेते, हा जवळजवळ जसाच्या तसा टिकून आहे. आणि त्या आराखड्यावर अठराव्या व एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली घरे एकाच शैलीची आहेत व ती एकत्रितपणे शिल्लक आहेत. या शैलीची सुटी घरे दक्षिण बोहेमियातील अनेक गावांत दिसतात, पण एखादे घर जुने आणि शेजारचे तीन नवे, अशीच तेथे स्थिती असते. येथे २३ शेतघरांची संपूर्ण साखळी अखंड आहे आणि लहानमोठ्या सर्व इमारती धरल्या तर त्यांची संख्या सुमारे १२० भरते.

येथे एखादा किल्ला, राजवाडा किंवा मोठे चर्च पाहायला मिळेल, या अपेक्षेने जाऊ नये. पाहायचे ते संपूर्ण गाव, आणि तेही मैदानाच्या मधोमध उभे राहून, स्वतःभोवती सावकाश वळत. माझ्या मते कोणतेही एक घर या दृश्याची बरोबरी करू शकत नाही.

गाव किती जुने आहे?

लिखित उल्लेख प्रथम १२६३ मध्ये सापडतो. बोहेमियाचा राजा दुसरा प्रझेमिस्ल ओटाकार याचा तो काळ. त्याने त्याच सुमारास या भागात आपली सत्ता पक्की करण्यासाठी ज़्लाता कोरुना येथे मठ आणि दोन वर्षांनी, १२६५ मध्ये, चेस्के बुदेयोव्हित्से हे राजनगर स्थापन केले. १२९२ मध्ये त्याचा मुलगा, राजा दुसरा वात्स्लाव, याने होलाशोव्हित्से आणि आसपासची काही गावे विश्शी ब्रोड येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाला दान दिली. आपल्याकडील इनाम गावाची कल्पना असेल तर हा संबंध लगेच समजेल : जमीन कसणार शेतकरी, सारा आणि वेठ जाणार मठाकडे. ही व्यवस्था थोडीथोडकी नव्हे, साडेपाचशे वर्षे, १८४८ पर्यंत चालली.

प्लेगमध्ये केवळ दोन माणसे वाचली, ही दंतकथा आहे का?

गावाच्या इतिहासात ही घटना वस्तुस्थिती म्हणून नोंदलेली आहे. १५२० ते १५२५ या वर्षांत गाठीच्या प्लेगने गाव जवळजवळ ओस पडले आणि दोनच रहिवासी जिवंत राहिले. मृतांना जेथे एकत्र पुरले त्या जागेवर नंतर एक स्मृतिस्तंभ उभारण्यात आला आणि तो आजही आहे. मैदानातील सुंदर घरांकडे पाहून परत फिरणारे बहुतेक प्रवासी त्या स्तंभापर्यंत जात नाहीत. अवश्य जावे, कारण गावाची पुढची सारी कहाणी त्या खड्ड्यापासून सुरू होते.

गाव ओस पडले म्हणजे मठाचे उत्पन्न बुडाले. म्हणून मठाने आपल्या ताब्यातील इतर प्रदेशांतून, बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाकडून, शेतकरी कुटुंबे आणून येथे वसवली. जमिनीचे जुने वाटे मात्र मोडले नाहीत. नव्या लोकांनी मेलेल्यांच्याच जागांवर, त्याच हद्दींत संसार मांडले, आणि म्हणूनच मध्ययुगीन आखणी आज आपल्याला दिसते.

मग हे गाव जर्मन की चेक?

या वसाहतीनंतर गावात जर्मन भाषा बोलणाऱ्यांची संख्या अधिक झाली, भोवतालची कित्येक गावे चेक भाषक असूनही. १८९५ च्या नोंदीनुसार येथे १५७ जर्मन आणि १९ चेक रहिवासी होते. घरांची शैलीदेखील या दोन परंपरांच्या संगमातून आली आहे आणि युनेस्कोनेही दोन लोकस्थापत्य परंपरांचा मिलाफ याच मुद्द्याला महत्त्व दिले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना देशाबाहेर घालवण्यात आले. होलाशोव्हित्सेचे जर्मन रहिवासीही त्यांत होते. पिढ्यान्पिढ्या राबता असलेली घरे अचानक रिकामी झाली. पुढे साम्यवादी राजवटीत शेती सामुदायिक झाली, अनेक शेतघरांना वाली उरला नाही आणि ती ढासळू लागली. पण त्याच काळात गावात कोणी नव्याने बांधकाम करायलाही फारसे आले नाही. शेजारच्या गावांत जुनी घरे पाडून सपाट छपरांची चौकोनी घरे उभी राहिली, तसे येथे घडले नाही. १९९० नंतर लोक पुन्हा येथे राहायला येऊ लागले आणि घरांची डागडुजी होऊन गाव पुन्हा नांदते झाले. जे आपण आज वारसा म्हणून पाहतो, ते एका समाजाच्या उच्चाटनाची किंमत मोजून टिकले आहे, हे विसरून गावात हिंडणे मला तरी योग्य वाटत नाही.

'सेल्स्के बारोको' म्हणजे काय?

शब्दशः अर्थ 'शेतकऱ्यांचे बरोक'. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातील चर्च, मठ आणि सरदारांचे वाडे बरोक शैलीत बांधले गेले : वळणदार रेषा, घंटेसारख्या आकाराचे माथे, गिलाव्यात उठावाने काढलेली वेलबुट्टी. शहरांत ही आवड पुढे ओसरली आणि साधी, सरळ रेषांची शैली आली. खेड्यांतील गवंड्यांच्या हाती मात्र तिचा दुसरा जन्म झाला. त्यांनी मठांच्या आणि चर्चच्या दर्शनी भिंती पाहिल्या होत्या, आणि शेतकऱ्यालाही आपले घर तसेच देखणे हवे होते.

हे सारे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बहरले. कारण उघड आहे. १८४८ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्यात वेठबिगार आणि जमीनदारी बंधने रद्द झाली, जमीन शेतकऱ्याच्या मालकीची झाली, हाती पैसा खेळू लागला. ज्याच्या आजोबाने मठाच्या शेतात फुकट राबायचे त्याच्या नातवाने घराच्या माथ्यावर बांधकामाचे साल कोरून घेतले. लाकडी घरांना आगीचे भय असे, म्हणून विटा व दगडांचे बांधकाम करण्याकडे कल वाढत गेला, आणि चुन्याच्या गिलाव्याने गवंड्याला नक्षीसाठी आयती पाटी मिळाली.

एखाद्याच घरासमोर दहा मिनिटे थांबून पाहिले तर या कलेची गोडी लागते. छपराच्या दोन उतारांना झाकणारी उंच दर्शनी भिंत, तिची कड सरळ न जाता आत-बाहेर वळत माथ्यापर्यंत चढते. खाली खोलीच्या खिडक्या, त्यांवर माळ्याच्या छोट्या खिडक्या, त्यांच्या भोवती चौकटीसारखी उठावाची पट्टी. कोठे फुलांचा हार, कोठे चक्राकार फूल, कोठे संताच्या मूर्तीसाठी देवळी, आणि वर साल. भिंतीचा रंग फिकट पिवळा, गुलाबी, हिरवा किंवा निळसर, आणि नक्षी पांढरी. शेजारच्या घराची ठेवण तीच, पण नक्षी वेगळी. एकाच आराखड्यात राहून प्रत्येकाने आपली ओळख वेगळी राखली आहे. नक्षी पूर्ण मोजमापाची नसते, वेल एका बाजूला किंचित जाड येतो, आणि त्यातच गवंड्याचा हात दिसतो.

ही शेतघरे आतून कशी आहेत?

प्रत्येक शेतघर इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या आकारात बांधलेले आहे. मैदानाकडे एका बाजूला राहते घर आणि दुसऱ्या बाजूला धान्याचे कोठार, दोघांच्याही निमुळत्या दर्शनी भिंती मैदानाकडे तोंड करून. या दोहोंना जोडणाऱ्या भिंतीत कमानीचे मोठे दार, ज्यातून गवताने भरलेली गाडी आत जाई, आणि त्याला लागूनच माणसांसाठी छोटे दार. आत अंगण. राहत्या घराला लागून मागे गोठे, आणि मागच्या बाजूस धान्य झोडण्याचे कोठार. त्यापलीकडे फळबाग आणि मग शेताची लांब पट्टी.

या क्रमाकडे लक्ष दिले की गावाचा अर्थ उलगडतो. पीक शेतातून मागच्या बाजूने येते, मागच्या कोठारात झोडले जाते, अंगण ओलांडून पुढच्या कोठारात साठते. वर्षभराचे श्रम मागून पुढे सरकतात, आणि मैदानाकडे येते ती फक्त देखणी बाजू. जुना वाडा पाहिलेल्या वाचकाला दिंडी दरवाजा आणि चौक यांची आठवण होईल. वाड्यात मात्र घर चौकाच्या चारही बाजूंनी असते, येथे एक बाजू शेताकडे जाते.

मैदानात काय काय आहे?

चेक भाषेत गावातील या मधल्या मोकळ्या जागेला 'नावेस' म्हणतात. येथील नावेस लांबट आहे, सुमारे २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. गवताच्या या पट्ट्यात एक तलाव, एक छोटे प्रार्थनाघर आणि लोहाराची जुनी भट्टी आहे. तलावात मासे पाळले जात आणि आग लागल्यास त्याचेच पाणी कामी येई. शांत हवेत घरांच्या रंगीत भिंतींचे प्रतिबिंब त्यात पडते.

प्रार्थनाघर १७५५ मधील असून ते संत यान नेपोमुत्स्की यांना वाहिलेले आहे. प्रागचे हे धर्मगुरू १३९३ मध्ये व्लतावा नदीत बुडवून मारले गेले आणि १७२९ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पुरापासून रक्षण करणारा म्हणून बोहेमियातील पूल आणि तळ्यांच्या काठी त्यांची मूर्ती हमखास असते. तळ्यांच्या या प्रदेशात त्यांची निवड झाली हे स्वाभाविकच. आकाराने ते एखाद्या खोलीएवढे आहे, पण त्याच्या घंटाकृती दर्शनी भिंतीकडे पाहून मग शेतघरांकडे वळावे. शैली कोठून आली, ते तेथेच डोळ्यांना कळते.

गावाजवळचे दगडी वर्तुळ प्राचीन आहे का?

नाही. ते २००८ मध्ये उभारलेले आधुनिक बांधकाम आहे. उभ्या दगडांचे हे वर्तुळ पाहून अनेकांना ते अश्मयुगीन असल्याचा भास होतो, आणि काही प्रवासवर्णनांत तशी चुकीची माहिती आढळते. जागा छान आहे, क्लेत्य डोंगराकडे उघडे दृश्य आहे, म्हणून फेरफटका मारायला हरकत नाही. जागतिक वारशाशी मात्र त्याचा काहीही संबंध नाही.

खरोखरीच प्राचीन काही पाहायचे असेल तर ब्लान्स्की लेसच्या पलीकडे त्रझीसोव्ह येथे इसवी सनापूर्वीच्या केल्टिक लोकांच्या तटबंदीयुक्त वस्तीचे अवशेष आहेत.

गावात अजून लोक राहतात का? घरांत जाता येते का?

होय, राहतात. बहुतेक शेतघरे खासगी मालकीची आहेत, तेथे मुले खेळतात, कपडे वाळत असतात, ट्रॅक्टर उभा असतो. उघडे दिसणाऱ्या दारातून परवानगीवाचून आत शिरू नये आणि खिडकीला डोळे लावून छायाचित्रे घेऊ नयेत. जुनी अवजारे आणि घरगुती वस्तू मांडलेले एक शेतघर पाहण्यासाठी खुले असते, तसेच माहिती केंद्र आणि खाणावळीही आहेत. थंडीच्या दिवसांत यांपैकी बरेच बंद असते.

समोरून येणाऱ्या माणसाला 'दोब्री देन' म्हणावे, म्हणजे 'शुभ दिवस'. चेक खेड्यांत अनोळखी माणसालाही अभिवादन करण्याची पद्धत आहे आणि ते न करणे उद्धटपणाचे समजले जाते.

केव्हा जावे?

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जुलैच्या अखेरीस गावात 'सेल्स्के स्लाव्ह्नोस्ती' हा शेतकरी उत्सव भरतो. मैदानात कारागिरांची दुकाने लागतात, संगीत असते, आणि लोकांची प्रचंड गर्दी होते. लोककला पाहायची असेल तर तेव्हा जावे. घरे पाहायची असतील तर ते दिवस टाळून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे, कारण तिरप्या उन्हात गिलाव्याच्या नक्षीला सावली पडून ती ठळक होते. दुपारच्या भर उन्हात तीच भिंत सपाट दिसते.

कसे जावे?

प्रागहून चेस्के बुदेयोव्हित्सेला रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात. होलाशोव्हित्सेला रेल्वे नाही. बुदेयोव्हित्सेहून बस जाते, पण फेऱ्या मोजक्या असून शनिवार-रविवारी आणखी कमी होतात, त्यामुळे उतरल्याबरोबर परतीची वेळ पाहून ठेवावी. मोटार असल्यास अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. सायकलीचे मार्गही चांगले आहेत. देश शेंगेन क्षेत्रात असला तरी चलन युरो नसून चेक कोरुना आहे. लहान दुकानांसाठी थोडी रोकड जवळ ठेवावी.

शाकाहारी माणसाची सोय होईल का?

थोडी अडचण येते, उपाशी राहावे लागत नाही. दक्षिण बोहेमियाचे जेवण मांस आणि तळ्यातील कार्प माशांवर आधारलेले आहे. शाकाहाऱ्याने 'स्माझेनी सीर', म्हणजे पाव-चुऱ्यात घोळवून तळलेले चीज, 'ब्राम्बोराक' हे लसूण घातलेले बटाट्याचे थालीपीठवजा धिरडे, किंवा फळे भरून उकडलेले गोड उंडे मागवावेत. 'कुलायदा' हे अळंबी, बटाटा, शेपू आणि आंबट सायीचे सार येथील खासियत आहे. त्यात अंडे असते, आणि कधी मांसाचे पाणीही वापरतात, म्हणून विचारून घ्यावे. 'बेझ मासा' म्हणजे 'मांसाशिवाय', एवढे दोन शब्द पाठ केले तरी बराच उपयोग होतो.

जोडीने आणखी काय पाहता येईल?

गाव पाहायला दोन-तीन तास पुरतात, म्हणून दिवसाचा उरलेला भाग आधीच ठरवून ठेवावा. चेस्की क्रुमलोव्ह हे व्लतावेच्या वळणात वसलेले शहर १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. मात्र बहुतेक जण सकाळी क्रुमलोव्ह आणि परतताना घाईने होलाशोव्हित्से असा क्रम लावतात, तो उलटा करावा. सकाळी येथे आले तर मैदान जवळजवळ आपल्या एकट्याचे असते.

क्लेत्यच्या माथ्यावर १८२५ मध्ये बांधलेला दगडी मनोरा आहे. हवा अगदी स्वच्छ असेल तर तेथून आल्प्सची रांग दिसते. पायथ्यापासून खुर्च्यांचा रोपवे आहे. माथ्याजवळच वेधशाळा आहे आणि तेथून अनेक लघुग्रहांचा शोध लागला आहे. ज्यांना होलाशोव्हित्सेची मालकी साडेपाचशे वर्षे सांभाळणारा मठ पाहायचा असेल, त्यांनी दक्षिणेला ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ विश्शी ब्रोडला जावे. आणि ज्यांना या शैलीची आणखी घरे पाहायची इच्छा आहे, त्यांनी उत्तरेकडे ह्लुबोका शहराजवळील प्लास्तोव्हित्से या गावात उतरावे. तेथे पर्यटकांच्या बस थांबत नाहीत.